इतिहासातली विचित्र गोष्ट सांगायच्या आधी ती तपासायची कशी

"सँडविच कसलं होतं?" हा प्रश्न मला एका सातवीतल्या मुलीनं विचारला आणि माझी बोलतीच बंद झाली.

झालं असं की चार लोक जमले होते आणि मी नेहमीप्रमाणे रंगात येऊन सांगत होतो, की पहिलं महायुद्ध एका सँडविचमुळे पेटलं. गावरिलो प्रिन्सिप नावाचा पोरगा, सकाळचा कट फसला म्हणून वैतागून साराजेव्होतल्या एका दुकानात सँडविच खायला गेला, खाऊन बाहेर येतो तर समोर रस्ता चुकलेली गाडी, तिच्यात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गादीचा वारस आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड, मग काय, घातल्या गोळ्या. सगळे गप्प, मी खूश. आणि ही पोरगी विचारते सँडविच कसलं होतं. मला माहीत नव्हतं, रात्री शोधायला बसलो, तर सँडविचच सापडेना. त्या काळातल्या साक्षींत नाही, खटल्याच्या वर्णनांत नाही, जुन्या इतिहासांत नाही. हे सँडविच पसरलंय एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे घटनेनंतर नव्वदेक वर्षांनी.

पण शोधताना जे हाती लागलं ते ऐका. २८ जून १९१४ ला आर्चड्यूकचा मार्ग आधीच जाहीर झालेला होता, आणि लातिन पुलाशी गाडी उजवीकडे वळणार हे त्यात होतंच. म्हणजे प्रिन्सिप तिथं चुकून उभा नव्हता. सकाळी बॉम्ब पडल्यावर बेत बदलला, जखमींना बघायला आधी हॉस्पिटलात जायचं ठरलं, तेही वळण न घेता सरळ रस्त्यानं, आणि हे ड्रायव्हरला सांगायचं राहिलं. तो बिचारा जुन्या मार्गानं वळला, कुणीतरी ओरडलं, त्यानं गाडी थांबवली, ती नेमकी प्रिन्सिपच्या पुढ्यात. एवढे हुद्देदार लोक ताफ्यात आणि ड्रायव्हरला निरोप कुणाचाच नाही! मला तरी हे सँडविचपेक्षा जास्त विचित्र वाटतं.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. गोष्टीतला जो भाग ऐकून लोक "काय सांगतोस!" म्हणतात तो बाजूला ठेवायचा आणि आधी कंटाळवाणा भाग बघायचा. पैसे कुणी दिले, हुकूम कुणी काढला, निरोप कुणी पोचवला नाही, नंतर भांडण कुठं गेलं. थाप मारणारा माणूस सँडविच घालतो, पावती घालायला विसरतो. खाली जे लिहितोय ते सगळं या एका सवयीचेच प्रकार आहेत.

गोष्ट उचलायची कुठून

"इतिहासातल्या १० अजब घटना" छाप याद्या वाचायला हरकत नाही, मीही वाचतो, पण त्यातून फक्त नाव आणि साल उचलायचं, बाकी मजकूर तिथंच सोडायचा. कारण या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, आणि ते ओळखायला सोपं असतं. पाच ठिकाणी तीच गोष्ट, तोच विशेषणांचा क्रम आणि तीच स्पेलिंगची चूक दिसली तर ते पाच पुरावे नव्हेत, एकच पुरावा पाच वेळा चिकटवलेला आहे.

खरा माल असतो कोर्टात, संसदेच्या चर्चेत, नगरपालिकेच्या ठरावांत आणि चौकशी समित्यांत. कारण तिथं लोकांना शपथेवर बोलावं लागतं, हिशोब द्यावा लागतो, आणि समोरचा पक्ष प्रत्येक वाक्याला नाक मुरडायला बसलेलाच असतो.

उदाहरण घ्या बॉस्टनच्या मळीच्या पुराचं. ऐकायला अगदी थाप वाटते. १५ जानेवारी १९१९ च्या दुपारी बॉस्टनच्या नॉर्थ एंड भागात मळीची, म्हणजे साखर काढून उरणाऱ्या त्या दाट काळ्या पाकाची, एक अवाढव्य टाकी फुटली, जवळजवळ ८७ लाख लिटर मळी रस्त्यावर आली, लाटेचा वेग ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास, २१ माणसं मेली, दीडशेच्या आसपास जखमी. यादीवाले इथंच थांबतात आणि हसायची इमोजी टाकतात. पण ही गोष्ट इतक्या तपशिलात आपल्यापर्यंत आली ती कोर्टामुळे. लोकांनी कंपनीवर दावे लावले, सुनावणी काही वर्षं चालली, आणि कंपनी म्हणत राहिली की टाकी आमच्यामुळे नाही, अराजकवाद्यांच्या बॉम्बमुळे फुटली. त्या भांडणात काय काय बाहेर आलं बघा. टाकी १९१५ मध्ये घाईत बांधलेली, उंची साधारण १५ मीटर आणि व्यास २७, कारण मळीपासून अल्कोहोल आणि त्यापासून दारूगोळा, महायुद्धामुळे मागणी जोरात. बांधकामावर देखरेख करणाऱ्या माणसाला नकाशे वाचता येत नव्हते. पाणी पूर्ण भरून टाकी गळतेय का ते बघायची साधी चाचणी केलेली नाही. ती गळायची तर इतकी की आसपासची पोरं डबे घेऊन यायची आणि गळणारी मळी भरून न्यायची.

आणि तक्रारी आल्यावर कंपनीनं काय केलं? टाकीला तपकिरी रंग दिला. म्हणजे गळती दिसायला नको.

हा तपकिरी रंग सापडला ना, की समजायचं गोष्ट हाताला लागली. असला तपशील कुणी बसून रचत नाही, तो कुणाला तरी कबूल करावा लागलेला असतो. शेवटी १९२५ मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात गेला आणि सुमारे ६,२८,००० डॉलर भरपाई ठरली.

तारीख नसेल तर पुढं जाऊ नका

"एका राजानं एकदा" अशी सुरू होणारी गोष्ट मी लगेच सोडून देतो. साल, गाव, माणसाचं नाव, या तिघांपैकी दोन तरी हवीत, नाहीतर शोधणार काय. आणि तारीख मिळाली तरी ती कुठल्या कॅलेंडरची हे बघायचं, इथं भलेभले घसरतात.

शेक्सपियर आणि 'डॉन किहोते' लिहिणारा स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस एकाच दिवशी गेले, २३ एप्रिल १६१६, हे तुम्ही नक्की ऐकलेलं असणार. तारीख एकच, दिवस वेगळे. स्पेननं तेव्हा ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं होतं, इंग्लंड जुन्या ज्युलियनवर अडून बसलेलं, दोन्हींत १० दिवसांचा फरक. शिवाय सर्व्हांतेस बहुधा २२ लाच गेला आणि २३ ही त्याच्या दफनाची नोंद. झाला ना योगायोगाचा फुगा फुस्स. पण तोच कॅलेंडरचा घोळ एक खरीखुरी विचित्र गोष्ट देऊन जातो, ती म्हणजे ३० फेब्रुवारी. कुणी म्हटलं की अमका ३० फेब्रुवारीला जन्मला तर आपण हसणार, पण १७१२ मध्ये स्वीडनमध्ये ही तारीख होती. त्यांनी ठरवलं होतं की एकदम दिवस गाळण्यापेक्षा १७०० पासून ४० वर्षं लीप दिवसच घ्यायचे नाहीत, हळूहळू नव्या कॅलेंडरला जाऊन मिळायचं. १७०० चा लीप दिवस गाळला, मग युद्ध सुरू झालं, आणि १७०४ आणि १७०८ ला गाळायचा राहूनच गेला. आता स्वीडन ना जुन्या कॅलेंडरवर ना नव्या, सगळ्या जगापेक्षा वेगळंच. शेवटी वैतागून ते परत जुन्यावर गेले आणि त्यासाठी १७१२ च्या फेब्रुवारीत एक दिवस जादा घातला. ही गोष्ट मी फार जणांना सांगितलीय, आणि लोक ३० तारखेवर हसतात पण "गाळायचं राहूनच गेलं" इथं जास्त हसतात, कारण ते सगळ्यांच्या घरात घडतं.

(उलट ब्रिटननं १७५२ मध्ये एका झटक्यात ११ दिवस गाळले, २ सप्टेंबरनंतर थेट १४. त्यावर "आमचे ११ दिवस परत द्या" म्हणून दंगली झाल्या असं सांगतात. दंगलींचा धड पुरावा नाही, होगार्थ या इंग्लिश चित्रकाराच्या एका निवडणुकीच्या चित्रात जमिनीवर पडलेल्या फलकावर ही घोषणा आहे, ती वाचून वाचून दंगल तयार झाली.)

लिहिणारा तिथं होता का

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सावकाश जाऊ. प्रत्येक गोष्टीला विचारायचं की हे पहिल्यांदा कागदावर कधी आलं आणि लिहिणारा तेव्हा होता कुठं.

आजच्या फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचा १५१८ चा नाच घ्या. जुलै महिन्यात फ्राउ ट्रॉफेआ नावाची बाई रस्त्यात येऊन नाचायला लागली ती थांबेचना, मग आणखी लोक, पुढच्या काही आठवड्यांत आकडा ४०० पर्यंत गेला म्हणतात. नेटवर याला लगेच जोड येते की रोज १५ माणसं नाचून नाचून मरत होती. आता थर वेगळे करा. माणसं नाचत होती आणि शहर हादरलं होतं, हे पक्कं आहे, कारण नगर परिषदेचे ठराव आणि त्या काळातल्या बखरी दोन्ही आहेत. फ्राउ ट्रॉफेआचं नाव आणि ती नवऱ्याला छळायला नाचली ही बातमी येते पॅरासेल्ससकडून, तो वैद्य गावात आला १५२६ मध्ये, म्हणजे ८ वर्षांनी, आणि बायकांबद्दल त्याची मतं आधीपासूनच ठरलेली होती. म्हणजे हे ऐकीव. आणि रोजचे १५ मृत्यू? त्या वेळच्या शहराच्या नोंदींत मृतांचा आकडाच नाही. तो थर सगळ्यात वरचा, सगळ्यात नंतरचा, आणि शेअर सगळ्यात जास्त त्याचेच होतात.

आता कंटाळवाणा भाग. वैद्यांनी सांगितलं की रक्त तापलंय, नाचून निघू दे. परिषदेनं ऐकलं, कारागीर संघांची सभागृहं रिकामी करून दिली, वाजवणारे भाड्यानं आणले. झालं उलटंच, नाच वाढला. मग परिषदेनं कोलांटी मारली आणि सप्टेंबरअखेरपर्यंत गावात नाचगाणं बंद. पण त्या बंदीत एक सवलत होती, की प्रतिष्ठित लोकांना लग्नात नाचायचं असेल तर तंतुवाद्यांवर चालेल, ढोल-डफ मात्र नको. मी हे वाचलं तेव्हा खुर्चीतच टेकून बसलो. शेकडो माणसं रस्त्यात नाचून कोसळतायत आणि सभेत चर्चा चाललीय की लग्नवाल्यांचं काय करायचं, आणि कुणीतरी तोडगा काढतंय की ढोल नको पण तारेचं वाद्य चालेल. यापुढं त्या खोट्या १५ मृत्यूंची गरज काय आहे सांगा.

इथंच दुसरी एक गाठ सोडवून ठेवा. घटना खरी असणं वेगळं आणि तिचं कारण खरं असणं वेगळं. नाच झाला हे खरं म्हणून "धान्यावरच्या बुरशीनं झाला" हे आपोआप खरं होत नाही. त्या बुरशीच्या विषबाधेत माणसाला आकडी येते, हातापायांचा रक्तपुरवठा तुटतो, असा माणूस दिवसच्या दिवस नाचेल कसा. त्यामुळे बरेच अभ्यासक आता दुष्काळ, रोगराई आणि देवाच्या कोपाची भीती यातून आलेल्या सामूहिक उन्मादाकडे बोट दाखवतात. सांगताना घटना एका वाक्यात आणि कारण दुसऱ्या वाक्यात ठेवा, मध्ये श्वास घ्या.

आकडे दिसले की कॅल्क्युलेटर काढा

ऑस्ट्रेलियाचं इमूंशी, म्हणजे शहामृगासारख्या मोठ्या, न उडणाऱ्या पक्ष्यांशी, युद्ध. १९३२, पश्चिम ऑस्ट्रेलियातला कॅम्पियन भाग. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना तिथं शेतीला जमिनी दिलेल्या, महामंदीत गव्हाचा भाव कोसळलेला, त्यात २०,००० च्या आसपास इमू पिकात घुसले, कुंपणं मोडली आणि मोडक्या कुंपणातून ससे आत. शेतकरी जुने सैनिक, त्यांना मशीनगनची ताकद माहीत, त्यांनी मागितल्या. सरकारनं मेजर मेरेडिथ, दोन लुईस गन आणि १०,००० गोळ्या पाठवल्या. अट अशी की गोळ्यांचे पैसे आणि जवानांचं राहणं-खाणं शेतकऱ्यांकडे. बघा, आलीच पावती. एका धरणापाशी हजारभर इमू टप्प्यात आले तर बारा-एक पक्षी पडल्यावर गन जॅम झाली, मग गन ट्रकवर बसवली तर खड्ड्यांतून नेम धरता येईना आणि इमू ट्रकच्या पुढं. संसदेत कुणीतरी विचारलं की या युद्धाचं पदक काढणार का, तर उत्तर आलं की द्यायचंच तर इमूंना द्या.

शेवटी मेरेडिथनं हिशोब दिला, ९,८६० गोळ्यांत ९८६ इमू. जरा थांबा आणि भागाकार करा. बरोब्बर १०. एकही गोळी कमी नाही, एकही जास्त नाही. पळणाऱ्या पक्ष्यांवर, धक्के खाणाऱ्या गननं, पाचेक आठवड्यांत. मी मेरेडिथला खोटारडा म्हणत नाही, पण हा आकडा मोजून आलेला दिसत नाही, गोळ्या मोजल्या आणि भागलं असा दिसतो. म्हणून सांगताना "९८६ इमू मारले" असं म्हणायचं नाही, "९,८६० गोळ्यांत ९८६ मारले असा मेजरचा दावा" असं म्हणायचं आणि गप्प बसायचं, ऐकणारा स्वतः भागाकार करतो आणि मग त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. आणि हो, युद्ध कुणी जाहीर केलेलं नव्हतं, ते नाव वर्तमानपत्री. "ऑस्ट्रेलिया युद्ध हरली" हे वाक्य मजेसाठी ठीक, माहिती म्हणून नाही.

मापांचंही तेच. नेपोलियनची उंची ५ फूट २ इंच नोंदवलेली, म्हणून तो बुटका. पण ती फ्रान्सची जुनी मापं, त्यांचा इंच साधारण २.७१ सेंटिमीटर, आपल्याला माहीत असलेला २.५४ चा नाही. ६२ इंच गुणिले २.७१, म्हणजे १६८ सेंटिमीटर, त्या काळच्या फ्रेंच माणसाच्या मानानं चांगलाच मध्यम. बुटका केला तो इंग्लिश व्यंगचित्रकारांनी, त्यात गिलरे आघाडीवर.

आणि आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर घाबरू नका, कधीकधी दोन्ही बरोबर असतात. झांझिबार या आफ्रिकेजवळच्या बेटाचं ब्रिटनशी झालेलं २७ ऑगस्ट १८९६ चं युद्ध कुणी ३८ मिनिटांचं म्हणतं, कुणी ४० चं, कुणी ४५ चं. तोफा ९ वाजून २ मिनिटांनी सुरू झाल्या, शेवट कुठं धरायचा त्यावर मिनिटं बदलतात. मला त्या मिनिटांच्या मोजणीचा जरा रागच येतो, कारण तेवढ्या वेळात झांझिबारच्या बाजूचे ५०० च्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले आणि ब्रिटिशांचा एक खलाशी जखमी, पण ते कुठल्या मीममध्ये येत नाही.

शोधताना उपयोगी पडणाऱ्या बारीकसारीक गोष्टी

आज ज्या नावानं गोष्ट ओळखली जाते त्या नावानं शोधू नका, तेव्हाचे लोक काय म्हणत असतील ते शब्द टाका. गाव, अधिकाऱ्याचं नाव, महिना. गावांची नावंही बदलतात, स्ट्रासबुर्गवाल्या नाचऱ्यांना ज्या साव्हेर्नच्या देवस्थानाला नेलं ते जर्मन कागदांत त्साबेर्न म्हणून सापडतं. पोपांचे तर नंबरसुद्धा बदलतात, खाली येतोय एक स्टीफन, तो काही याद्यांत सहावा आणि काहींत सातवा.

जुनी वर्तमानपत्रं फुकटात बघायला ऑस्ट्रेलियासाठी ट्रोव्ह, अमेरिकेसाठी क्रॉनिकलिंग अमेरिका, फ्रान्ससाठी गॅलिका, आणि पुस्तकांसाठी इंटरनेट आर्काइव्ह. शोध लावला की निकाल "सगळ्यात जुना आधी" असे लावा आणि पहिला उल्लेख कुठला ते बघा, अर्धं काम तिथंच होतं. गूगल बुक्सच्या सालावर डोळे झाकून विश्वास नको, मासिकांच्या बाबतीत ते कधीकधी मासिक सुरू झालं ते साल दाखवतं, अंकाचं नाही, मी एकदा त्यावरून फार आनंदलो होतो आणि मग तोंडावर पडलो. जुन्या इंग्रजी छपाईत एस हे अक्षर एफसारखं दिसतं, स्कॅन वाचणारं मशीन फसतं, तेव्हा शब्द तसाही टाकून बघा.

भाषा येत नसेल तर भाषांतराचं टूल वापरा, पण शेवटचा निर्णय त्यावर घेऊ नका, निदान तारखा आणि नावं मूळ पानावर डोळ्यानं बघा.

"पहिला", "शेवटचा", "एकमेव" आणि योगायोग

हे शब्द दिसले की पुढचा शोध ठरलेला. फिलिपिन्समधल्या लुबांग बेटावरचा जपानी सैनिक हिरू ओनोदा, महायुद्ध संपलेलं न मानता जवळजवळ ३० वर्षं जंगलात राहिला, मार्च १९७४ मध्ये त्याच्या जुन्या वरिष्ठाला तिथं नेऊन हुकूम वाचायला लावला तेव्हा कुठं शस्त्रं खाली ठेवली. शेवटचा जपानी सैनिक, असं सगळीकडे लिहिलेलं. पण त्याच वर्षी डिसेंबरात इंडोनेशियातल्या मोरोताई बेटावर तेरुओ नाकामुरा सापडला. तो तैवानमधल्या आमिस या आदिवासी जमातीचा, जपानी सैन्यात होता, पण युद्धानंतर तैवान जपानचं राहिलं नाही, त्यामुळे हा माणूस नेमका कुठल्या देशाचा हाच घोळ. ओनोदाचं जंगी स्वागत झालं, नाकामुरा बऱ्यापैकी गुपचूप तैवानला परतला. "शेवटचा" हा शब्द तपासायला गेलात तर हा दुसरा माणूस भेटतो, आणि खरं सांगू का, मला त्याचीच गोष्ट जास्त लागते.

योगायोगाला एक वेगळी चाचणी लावा, की हा कुणाच्या भाषेत योगायोग आहे. फ्रान्झ फर्डिनांडच्या गाडीचा नंबर ए ३ ११८, त्यातला ३ रोमन, म्हणजे तीन उभ्या रेघा. गाडी व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये आहे, नंबर खरा आहे. लोक वाचतात ए म्हणजे आर्मिस्टिस, पुढं ११-११-१८, महायुद्ध थांबल्याची तारीख. अंगावर काटा वगैरे. पण गाडी ऑस्ट्रियाची, जर्मन भाषेत युद्धविरामाला वाफेनश्टिलश्टांड म्हणतात, त्यात ए पहिला येतच नाही, आणि ऑस्ट्रिया-हंगेरीनं युद्धविरामावर सही केली ३ नोव्हेंबरला. नियतीनं इंग्रजी शिकून, आठ दिवस उशिरा, परक्या गाडीवर निरोप लिहिला असं मानायचं असेल तर माना बापडे.

सांगताना

कधीकधी एवढं सगळं करून गोष्ट खरी निघते आणि तरी कुणाचा विश्वास बसत नाही. ८९७ साली रोममध्ये पोप स्टीफननं आधीचा पोप फॉर्मोसस याचं प्रेत थडग्यातून काढून, पोपचे कपडे चढवून, सिंहासनावर बसवून त्याच्यावर खटला चालवला. प्रेताच्या वतीनं उत्तरं द्यायला एक डीकन, म्हणजे चर्चमधला खालच्या दर्जाचा धर्मगुरू, उभा केला. दोषी ठरवलं, आशीर्वाद देण्याची तीन बोटं तोडली, देह शेवटी टायबर नदीत. असं नुसतं सांगितलंत तर लोक म्हणणार वेडा होता. म्हणून इथं कंटाळवाणा भाग आधी सांगा. तेव्हाचा नियम असा की एका गावच्या बिशपनं दुसऱ्या गावची गादी घ्यायची नाही. फॉर्मोससवर आरोप तोच. आणि स्टीफन? तो पोप व्हायच्या आधी अनाग्नीचा बिशप, म्हणजे त्याच नियमात तोही अडकत होता, आणि त्याला बिशप केलं होतं कुणी तर फॉर्मोससनं. फॉर्मोसस पोपच नव्हता असं ठरलं की त्यानं केलेल्या नेमणुका रद्द, म्हणजे स्टीफन कधी बिशप नव्हताच, म्हणजे त्यानं नियम मोडलाच नाही. आता ते प्रेत सिंहासनावर बसवा. ऐकणारा हसत नाही, शहारतो. (त्याच वर्षी स्टीफनला कैदेत गळा दाबून मारलं, हे शेवटी सांगा, आधी सांगितलं तर मजा जाते.)

बाकी सांगण्याचे माझे नियम साधे आहेत. संवाद रचायचे नाहीत, प्रिन्सिप मनात काय म्हणाला ते प्रिन्सिपला माहीत. माणसं मेली असतील तर आकडा हसण्याच्या आधी सांगायचा, नंतर नाही, मळीच्या पुरात हे फार लोक चुकतात. ऐकीव भाग "म्हणतात" लावून सांगायचा, त्यानं गोष्ट पातळ होत नाही. आणि एक साधी वही ठेवायची, डावीकडे गोष्ट, उजवीकडे पहिला उल्लेख कुठल्या सालचा. उजवी बाजू रिकामी असेल तर ती गोष्ट अजून सांगायची नाही, कितीही जीभ वळवळली तरी.

चूक सांगून बसला असाल तर ज्यांना सांगितली त्यांनाच, त्याच ठिकाणी, दोन ओळींत दुरुस्ती द्या. मी सँडविचची दिली. उपयोग किती होईल याची फार आशा धरू नका म्हणजे झालं. डिसेंबर १९१७ मध्ये एच. एल. मेंकेन या अमेरिकन पत्रकारानं गंमत म्हणून बाथटबचा इतिहास छापला, अमेरिकेतला पहिला बाथटब १८४२ मध्ये सिनसिनाटीत आला, डॉक्टरांनी विरोध केला, मग राष्ट्राध्यक्ष फिलमोरनं व्हाइट हाउसमध्ये बसवला, असं सगळं बारीक तपशिलात, आणि सगळं मनचं. लोकांनी ते खरं धरलं, संदर्भ म्हणून वापरलं. १९२६ च्या मे महिन्यात मेंकेननं स्वतः कबुली दिली की अहो ती थाप होती, आणि ती कबुली बऱ्याच पेपरांनी छापली. त्यातल्याच बॉस्टनच्या एका पेपरनं तीनेक आठवड्यांनी बाथटबची गोष्ट परत छापली, खरी बातमी म्हणून.